वारा पाठीवर, वेग लाटेत

एप्रिलच्या दुपारी वाशीच्या खाडीपुलावर खारा वारा दुचाकीला आडवा ढकलतो, हँडल घट्ट धरावं लागतं. खाली पाहिलं तर पाणी मात्र नुसतं सुरकुतलेलं. एवढा वारा पाठीशी घेऊन बोर्डावर उभं राहिलं तर वल्हं मारायचीही गरज पडणार नाही, असा नवख्यांचा समज असतो. डाउनविंड पॅडलिंगमध्ये, म्हणजे वारा पाठीशी ठेवून, बोर्डावर उभं राहून वल्हवत लाटांवर घसरत जाण्यात, पहिली निराशा पदरी पडते ती याच समजामुळे.

हिशेब करून पाहू. वारा सेकंदाला ८ मीटर धरा, म्हणजे ताशी २९ किलोमीटर, साधारण साडेपंधरा नॉट. बोर्ड ताशी ११ किलोमीटरने पुढे चाललाय, तर पाठीला लागणारा वारा उरतो सेकंदाला ५ मीटर. उभ्या माणसावर त्याचा रेटा भरतो जेमतेम १ किलोच्या वजनाएवढा. आता ४० सेंटिमीटर उंचीची आणि ११ मीटर लांबीची लाट घ्या. तिच्या पुढच्या अंगाचा उतार सर्वांत तीव्र जागी ६ अंशांच्या आसपास असतो. ७५ किलोचा माणूस आणि १३ किलोचा, १४ फुटी बोर्ड त्या उतारावर नीट बसले तर गुरुत्वाकर्षण त्यांना सात-साडेसात किलोच्या जोराने पुढे ओढतं. वाऱ्याच्या रेट्याच्या सातपट. वाऱ्याचं खरं काम लाट उभी करण्याचं. माणसाला पळवतो तो लाटेचा उतार.

मग वाशीला अशी लाट का नाही? कारण वाऱ्याला पाण्यावर मोकळं धावायला मिळणारं अंतर. त्याला फेच म्हणतात. खारा वारा येतो पश्चिमेकडून, वायव्येकडून, आणि ठाण्याची खाडी पसरलीय साधारण उत्तर-दक्षिण. वारा तिला आडवा ओलांडतो. मानखुर्दकडच्या जमिनीवरून तो पाण्यावर उतरतो आणि दोनेक किलोमीटरमध्ये पुन्हा जमिनीवर चढतो. सेकंदाला ८ मीटरचा वारा २ किलोमीटर पाण्यावरून गेला की लाट होते १८ सेंटिमीटर उंच आणि ४ मीटरला थोडी कमी लांब. १४ फुटी बोर्डाची लांबी ४.२७ मीटर! लाटेहून बोर्डच लांब. अर्धा बोर्ड उतारावर, अर्धा चढावर. ओढ जवळजवळ शून्य. तोच वारा १० किलोमीटर धावू द्या. लाटेची उंची ४० सेंटिमीटरवर जाते, लांबी ११ मीटरवर, आणि वेग ताशी १५ किलोमीटरवर. पाण्यावर फेसाचे तुरे दिसले म्हणून हुरळून जाऊ नये, आधी नकाशावर फेच मोजावा.

फेचइतकीच खोलीही महत्त्वाची. लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा पाणी उथळ झालं की तळ तिला अडवू लागतो. १ मीटर पाण्यात कुठलीही लाट ताशी ११ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही, अर्ध्या मीटरमध्ये आठाच्या. ओहोटीला खाडीत जिथे गाळाची पठारं उघडी पडतात, तिथे हे गणितही संपतं. फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाची उभी पाती, गाळात रुततो, बोर्डावरून उतरलात तर गुडघाभर गाळात पाय अडकतो, आणि काठ दोनशे मीटरवर दिसत असूनही चालत गाठता येत नाही. प्रवाहाचंही तसंच. वारा आणि प्रवाह एका दिशेने असतील तर लाटा लांब आणि बसक्या होतात; समोरासमोर आले तर आखूड आणि उभ्या. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या घळीत उन्हाळ्यात वारा नदीच्या उलट वर चढतो, म्हणूनच तिथे नदीतही डाउनविंड करता येतं. आपल्याकडे पावसाळ्यातला नैर्ऋत्य वारा आणि ओहोटी यांची गाठ अशीच पडते. फक्त त्या दिवसांत तिथे कुणी शिकायला जाऊ नये.

आता तंत्र. सपाट पाण्यावर चांगला वल्हवणारा ताशी ८-९ किलोमीटर जातो, जोर लावून १०-११. लाट चाललीय पंधराने. हे अंतर एका दमात भरत नाही, लहान लाटांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मोठ्या लाटांच्या अंगावर ताशी ११ किलोमीटरने जाणाऱ्या लहान लाटा असतात, आधी त्यातली एक पकडायची. बोर्डाची शेपटी उचलली गेली आणि नाक खाली झुकलं की चार ते सहा आखूड, झटपट वल्ही. वल्हं पायाच्या मागे ओढू नये. तिथे ते पाणी नुसतं वर उचलतं आणि लय तुटते. बोर्ड घसरू लागला की वल्हं थांबवा. हे सगळ्यात अवघड जातं, हात आपोआप चालूच राहतात! वल्ह्याचं पातं बाजूच्या पाण्यावर टेकवून तोल धरा, एक पाय हातभर मागे घ्या आणि समोर बघा. पायाखालच्या लाटेचं आता काही करायचं नसतं. समोर सगळ्यात खोल खळगा कुठे आहे तो शोधा आणि नाक तिकडे वळवा. पुढच्या लाटेच्या पाठीवर चढू लागलात तर मिळालेला वेग तिथेच खर्ची पडतो.

कितीही छान पकडली तरी तीच लाट फार काळ साथ देत नाही. खोल पाण्यात लाटांचा गट लाटेच्या निम्म्या वेगाने सरकतो. एकेक लाट गटाच्या मागे उगवते, त्यातून पुढे जाते आणि पुढच्या टोकाला विरते. तुम्ही तिच्यावर स्वार असाल तर तुम्हीही त्या विरण्याच्या जागेकडे निघालेले असता. म्हणून उतार मऊ लागायला लागला की वेग शिल्लक असतानाच तिरकं निघून शेजारचा खळगा गाठायचा. जीपीएसवरचा कमाल वेग मित्रांना दाखवायला बरा, पण हात तयार झालाय का ते सरासरी सांगते. हौशी माणूस चांगल्या लाटांत ताशी १०-१२ किलोमीटरची सरासरी राखत असेल तर त्याला लाटा जोडता येतात असं समजावं.

पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बोर्ड आडवा फिरणं. लाटेतलं पाणी गोल फिरतं: माथ्यावर पुढे, खळग्यात मागे. आपल्या ४० सेंटिमीटरच्या लाटेत हा वेग ताशी पावणेदोन किलोमीटर भरतो. बोर्डाचं नाक खळग्यात शिरलं आणि शेपटी माथ्यावर राहिली की नाकाला मागे ओढ, शेपटीला पुढे ढकल. दोन्ही एका रेषेत असेपर्यंत ठीक. बोर्ड जरा तिरका झाला की तीच जोडी त्याला भिंगरीसारखा फिरवते. नाक पाण्यात गेल्यावर मागे सरकणं उशिराचं. उतार सुरू होतानाच पाय मागे हवा. हे मागे-पुढे चालणं शिकायला लाट लागतच नाही. तलावात, जिथे परवानगी असेल तिथे, एक पाऊल मागे, शेपटीवर बोर्ड वळवणं, पुन्हा पुढे, अशा शंभर फेऱ्या माराव्यात.

बोर्ड निवडताना सपाट पाण्याच्या शर्यतीचा सुरीसारख्या नाकाचा बोर्ड टाळा. तो खळग्यात खुपसला जातो. डाउनविंडच्या बोर्डाचं नाक वर वळलेलं असतं, लांबी १४ फूट, रुंदी २५ ते २८ इंच. नवख्याने २८ किंवा त्याहून थोडा रुंदच घ्यावा. हवा भरून फुगवायचा बोर्ड १५ पीएसआय दाबापर्यंत भरला तर शिकायला चालतो, पण मध्ये लवतो आणि वेग खातो. वल्हं उंचीपेक्षा वीतभर लांब, सपाट पाण्याच्या वल्ह्यापेक्षा दोन-चार सेंटिमीटर आखूड. आपल्या खाडीत प्लास्टिक आणि जलपर्णी अडकते, त्यामुळे मागे झुकलेला फिन हवा. सरळ फिनवर पिशवी बसली की बोर्ड अचानक जड होतो आणि कारण चटकन कळत नाही. फॉइलचा, म्हणजे बोर्डाखाली दांड्यावर बसवलेल्या पंखाचा, मोह इथे नकोच. पाऊण मीटर खाली लोंबणारा तो दांडा गाळ, जाळी आणि खुंट सगळं शोधून काढतो.

लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी बांधणारी दोरी, कमरेची आणि एका झटक्यात सुटणारी. बोर्डापासून सुटलात तर वारा तो तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात पळवतो, म्हणून लीश हवीच. पण पुलाच्या खांबाच्या एका बाजूने बोर्ड आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही गेलात तर घोट्याची लीश सोडवायला खाली वाकताच येत नाही. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. उघडी जखम असेल तर या पाण्यात उतरू नये. ऐरोली ते वाशी पट्ट्यात २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. कोळ्यांची जाळी कुठे लागलीत ते दिवाळ्याच्या किंवा वाशीगावच्या धक्क्यावर विचारावं.

वेळ ठरवायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. खारा वारा जोरात असतो तोही दुपारी तीन-चारलाच. शिवाय षष्ठीकडे उधाण ओसरून भांग (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे दिवस) जवळ येतो, म्हणजे पुलाच्या खांबांमधली पाण्याची ओढही सौम्य. दोन्ही पक्षांतली चतुर्थी ते षष्ठी धरून महिन्यात असे दिवस सहा, आणि त्यातले शनिवार-रविवारी किती येतात ते ज्याने त्याने कॅलेंडरवर मोजावं.