पिचरला बॅटिंग का जमत नाही?

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर. २०२१ च्या सीझनमध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या सगळ्या पिचर्सचं मिळून बॅटिंग ॲव्हरेज होतं ०.११०, म्हणजे शंभरदा प्रयत्न केला की अकरा हिट. त्याच वर्षी अख्ख्या लीगचं ॲव्हरेज ०.२४४ होतं. मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. पुढच्याच वर्षी नॅशनल लीगनेही डेझिग्नेटेड हिटरचा (डीएच) नियम कायमचा घेतला, म्हणजे पिचरच्या जागी दुसराच कोणीतरी फक्त बॅटिंग करणार. अमेरिकन लीगने हे १९७३ मध्येच केलं होतं, त्यामुळे जवळपास पन्नास वर्षं एकाच खेळाच्या दोन लीगमध्ये दोन नियम होते आणि त्यावरून लोक कडाकडा भांडायचे.

ज्यांना वाटतं पिचरने बॅटिंग केलीच पाहिजे त्यांचं म्हणणं मला समजतं. क्रिकेट बघत मोठं झालेल्या माणसाला तर ते लगेच पटतं, आपल्याकडे अकराव्या नंबरवाल्यालाही पॅड बांधून यावंच लागतं. पण पिचर इतके वाईट का खेळतात हे नीट बघितलं की माझं मत दुसरीकडे जातं.

आधी वेळेचं गणित बघा. ताशी १५३ किलोमीटरचा बॉल पिचरच्या हातातून सुटून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपर्यंत, यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात, म्हणजे बॉल कुठला आहे, कुठे येणार, मारायचा की सोडायचा हे सगळं पाव सेकंदात ठरवायचं, आणि त्यातलाही बराच वेळ डोळ्यांनी बघितलेलं मेंदूपर्यंत पोचून त्याचा अर्थ लागण्यात जातो. त्यात बॅट गोल, बॉलही गोल. क्रिकेटच्या बॅटची सपाट बाजू १०.८ सेंटीमीटरपर्यंत रुंद असते, इथे बॅट जाडीला जास्तीत जास्त ६.६ सेंटीमीटर, जरासा वरखाली लागला की संपलं.

लहानपणी सगळ्यांना सांगतात ना, बॉलवर नजर ठेव? ते शेवटपर्यंत जमतच नाही, कोणालाच नाही. टेरी बाहिल यांनी १९८४ मध्ये छापलेल्या संशोधनात प्रोफेशनल खेळाडूची नजरसुद्धा बॉल साधारण साडेपाच फुटांवर आल्यावर मागे पडली होती, कारण जवळ आलेला बॉल इतक्या झपाट्याने बाजूने जातो की डोळे तेवढे वळूच शकत नाहीत. मग बॅटर खेळतो कशावर? अंदाजावर. पिचरचा खांदा, मनगट, बॉलची पहिल्या काही फुटांतली वाट, यावरून मेंदू पुढचं ठरवून मोकळा होतो. आणि हा अंदाज हजारो बॉल बघून बघूनच तयार होतो, नुसती चपळाई असून चालत नाही.

याचा सगळ्यात भारी पुरावा २००४ चा. सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच, तिने मेजर लीगमधल्या नावाजलेल्या बॅटर अल्बर्ट पुहोल्सला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइक देऊन बाद केलं, आणि तसाच बॅटर माइक पियाझालाही. सॉफ्टबॉल आकाराने मोठा आणि वेगाने कमी, अंतर मात्र फक्त १३ मीटर, त्यामुळे हातात मिळणारा वेळ साधारण तेवढाच. पण ती हात खालून गोल फिरवून टाकते आणि तशी ॲक्शन त्यांच्या मेंदूने वाचलेलीच नव्हती. पुहोल्ससारख्याची ही गत, तर बिचाऱ्या पिचरला दोष कसा द्यायचा?

कारण पिचरचं नेमकं हेच होतं. शाळेत असताना यातले कितीतरी जण टीममधले बेस्ट बॅटर असतात! मग एकदा हाताचा वेग दिसला की सगळा वेळ पिचिंगला, मायनर लीगमध्येही (मेजरच्या खालची पायरी) बहुतेक मॅचेसना डीएच असायचा, वर आला की पाच दिवसांतून एकदा मॅच आणि त्यात दोन-तीनदा बॅटिंग. त्यातून कसला अंदाज तयार होणार? आणि धोका आहेच, २००८ मध्ये पिचर चिएन-मिंग वांगचा पाय रनसाठी पळताना दुखावला आणि त्याचं करिअर परत पहिल्यासारखं झालं नाही, २०१५ मध्ये पिचर ॲडम वेनराइटचा टाचेवरचा स्नायूबंध बॅटिंग करताना तुटला आणि जवळपास अख्खा सीझन गेला.

म्हणून सक्ती नको असं मला मनापासून वाटतं. पण दार बंदही नको, कारण ज्याने दोन्हीचा सराव सोडला नाही त्याचं काय? आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आल्यावर रोहित शर्मा हेच बोलला होता, की यात ऑलराउंडर मागे पडतात, आणि ते बरोबर आहे. बेसबॉलने निदान एक चांगलं केलं, २०२२ पासून सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएचही असेल तर पिचिंग संपल्यावरही त्याला बॅटिंग चालू ठेवता येते. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीवरून लोक त्याला ओहतानी नियमच म्हणतात.

१७ ऑक्टोबर २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये शोहेई ओहतानीने मिलवॉकीच्या तीन बॅटर्सना पहिल्याच इनिंगमध्ये स्ट्राइकआउट केलं, मग बॅट घेऊन उभा राहिला आणि होमरन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा बॉल थेट मैदानाबाहेर. त्या रात्री एकही रन न देता त्याचे १० स्ट्राइकआउट झाले, आणि होमरन एकूण ३.