युरोपाचा बैल की हेलेचा मेंढा?

पॉम्पेई या इटलीतल्या प्राचीन रोमन शहराच्या भित्तिचित्रात पाठीवर माणूस घेतलेला प्राणी दिसला की बरेच जण ‘ही युरोपा’ म्हणून पुढे सरकतात. जरा थांबून शिंगं बघा. कमानीसारखी वर गेलेली असली तर तो बैल, म्हणजे बैलाचं सोंग घेतलेला झ्यूस, ग्रीक देवांचा राजा. कानाभोवती वळलेली असली तर मेंढा, आणि मग गोष्ट फ्रिक्सस व हेले या भावंडांची. (ग्रीकांनी या दोन्ही प्राण्यांना आकाशात जागा दिली: वृषभ आणि मेष.)

युरोपा टायर या फिनिशियन शहराची राजकन्या. गरीब दिसणाऱ्या बैलाच्या पाठीवर ती हौसेने बसली आणि त्याने तिला समुद्रापार थेट क्रीट बेटावर पळवलं. पॉम्पेईतल्या ‘जेसनच्या घरा’तलं तिचं चित्र आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात बैल अजून जमिनीवरच उभा आहे आणि मैत्रीण त्याला कुरवाळते आहे. पुढे काय होणार याची तिथे कुणालाच कल्पना नाही.

मेंढ्याची गोष्ट मला जास्त लागते. इथे प्राणी पळवत नाही, वाचवतो. फ्रिक्सस-हेलेच्या सावत्र आईने, इनोने, बियाणं भाजून पेरायला दिलं. पीक बुडालं, तेव्हा फ्रिक्ससचा बळी दिल्याशिवाय दुष्काळ हटणार नाही, असा देवाचा खोटा कौल तिने आणवला. सख्ख्या आईने, नेफेलीने, सोनेरी लोकरीचा मेंढा धाडला. पोरं निसटली, पण वाटेत हेले पाण्यात पडली, आणि त्या सामुद्रधुनीला ग्रीक ‘हेलेस्पाँट’, हेलेचा समुद्र, म्हणू लागले. आजचं डार्डानेल्स ते हेच. फ्रिक्सस काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिसला पोचला. ग्रीक वीर जेसन पुढे ज्या लोकरीसाठी निघाला ती याच मेंढ्याची.

चित्रकार नेमका पडण्याचा क्षण धरतात. 2024 मध्ये पॉम्पेईत ‘लेडाच्या घरा’जवळच्या उत्खननातून समोर आलेल्या चित्रातही पिवळ्या भिंतीवर, तसबीर टांगावी तशा चौकटीत, पाण्यातली हेले भावाकडे हात पसरते आहे. म्हणून शिंगं पुसट झाली असली तर पाण्यात बघा. तिथे बुडणारी मुलगी असेल तर तो मेंढाच.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच घराण्यातल्या. युरोपाला शोधायला निघालेला तिचा भाऊ कॅडमस ग्रीसमधल्या थीब्ज शहरात स्थिरावला आणि इनो ही त्याची मुलगी. म्हणजे युरोपा इनोची आत्या.