डांबर वाटतं ते जिवंत असतं

सावजी रश्श्याच्या मसाल्यात दगडफूल लागतंच, आणि नागपूरच्या इतवारीतल्या कुठल्याही किराणा दुकानात ते मिळतं. ते फूल नसून शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हावर साखर बनवतं, बुरशी आसरा देते. 1867 मध्ये सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा शैवाकांच्या भल्याभल्या जाणकारांनी त्याला उडवून लावलं होतं.

दगडफूल हाताने सोलता येतं. खपलीसारख्या शैवाकांचं तसं नाही. त्यांना खालची साल नसते, बुरशीचे तंतू थेट खडकाला धरून बसतात. नमुना हवा असेल तर छिन्नीने दगडाचाच टवका काढावा लागतो.

यातलंच एक हायड्रोपंक्टेरिया मॉरा. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या आसपास त्याचा काळा पट्टा दिसतो, आणि जहाजातून तेल सांडलं असावं अशी अनेकांची समजूत होते. भिंगातून बघितलं तर एक मिलिमीटरही जाड नसलेला थर, त्यात बारीक भेगा, आणि मधूनमधून इवलेसे उंचवटे. या उंचवट्यांत बीजाणू तयार होतात.

मला सगळ्यात भारी वाटते ती त्या पट्ट्याची रुंदी. आडोशाच्या खाडीत तो अरुंद असतो, तर लाटा थेट आदळतात अशा कड्यावर कित्येक मीटर वर चढतो. त्यामुळे समुद्र अगदी शांत असला, तरी लाटांचे शिंतोडे कुठवर उडतात याचा अंदाज खडकाकडे बघून येतो. त्याच्या वर नारिंगी शैवाकं, आणखी वर करडी. ज्याला जितकं जास्त खारं पाणी सोसतं, तितकी त्याची जागा खाली. काळ्या पट्ट्याच्याही खाली बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव, आणि समुद्री शैवालांची गर्दी असते, शिवाय गोगलगायी खरवडून खातात ते वेगळंच.

नागपुरात समुद्र नाही, पण किनाऱ्यावरच्या शैवाकांसारखी कोरडं पडून पुन्हा उठण्याची कला इथल्या शैवाकांनाही साधलेली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा बेसाल्टवरच्या खपल्या निपचित पडून असतात. पाऊस पडला की काही मिनिटांत कामाला लागतात.

सेमिनरी हिल्सकडे गेलात तर दगडावरच्या एखाद्या करड्या डागावर बाटलीतलं थोडं पाणी टाकून बघा. ओली झालेली वरची साल पारदर्शक होते आणि आतलं शैवाल दिसू लागतं. डाग हिरवट झाला तर ते बहुधा शैवाकच. चुन्याचा डाग नुसताच ओला होतो.