नोकरी सुटली, पेन्शनचं काय? दहा वर्षांच्या अटीमागची पार्श्वभूमी

नोकरी बदलून पीएफचं जुनं खातं नव्यात वर्ग केलं की रक्कम येते, पण पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात जुने पैसे दिसत नाहीत. माणसं धास्तावतात, पेन्शन बुडाली असं धरून चालतात. बुडालेलं काही नसतं. पेन्शनमध्ये पैसे नाही, नोकरीची वर्षं पुढे सरकतात.

1952 च्या पीएफ कायद्यात मुळात पेन्शन नव्हतीच. कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, इंजिनिअरिंग, कागद आणि सिगारेट या सहा उद्योगांपासून सुरुवात झाली आणि नोकरी संपली की साठलेली रक्कम हातात पडायची. 1971 मध्ये कुटुंब पेन्शन आली, तीही कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांसाठी. जिवंतपणी नोकरी सुटली तर पुन्हा एकरकमीच. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात ज्यांची कामं कायमची गेली, त्यांच्या वेळी हीच योजना होती. वीस-वीस वर्षं साचे चालवलेल्या माणसालाही म्हातारपणी दरमहा काही मिळण्याचा हक्क त्यात नव्हता. याची खंत मला आजही वाटते.

तो हक्क 16 नोव्हेंबर 1995 पासून ईपीएस-95 ने, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेने, दिला. मालकाच्या वाट्यातले पगाराच्या 8.33 टक्के पेन्शन फंडात जाऊ लागले, सरकार 1.16 टक्के घालू लागलं. हा सगळ्यांचा मिळून एकच फंड असल्याने त्यात कुणाच्या नावावर व्याज साठत नाही. मोजली जाते ती नोकरी. दहा वर्षं भरली की 58 व्या वर्षी पेन्शन, किंवा पन्नाशीनंतर कपात सोसून आधी.

दहाच्या आत नोकरी सुटली तर टेन-सी फॉर्मवर दोन वाटा असतात: पैसे काढा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या. या सर्टिफिकेटवर तुमची सेवा आणि घरच्यांची नावं लिहिलेली असतात आणि पुढच्या नोकरीत ते जोडता येतं. पण एकरकमीची सवय चार दशकांची. शिवाय 2014 मध्ये यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच कायमचा पीएफ नंबर, येईपर्यंत प्रत्येक कंपनीत नवा नंबर मिळायचा, त्यामुळे जुनं खातं 'मिटवून टाकणं' सोपं वाटायचं. चार वर्षांची सेवा अशी काढून घेतली आणि पुढे साडेसहा वर्षं काम केलं, तर एकूण साडेदहा होऊनही पेन्शन नाही. तीच वर्षं जोडली असती, तर नुसती दहाच धरली तरी, पेन्शनसाठीच्या 15,000 च्या पगारमर्यादेवर पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर या हिशेबाने महिन्याला सुमारे 2,143 रुपये आयुष्यभर मिळाले असते. रक्कम मोठी नाही हे खरं, पण दहा वर्षं भरलेला सदस्य नोकरी सोडल्यावर 58 च्या आधी वारला, तरी त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. घरात हे कुणाला ठाऊकच नसतं.

सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला तर जून 2024 पर्यंत पेन्शन फंडातून एक पैसाही परत मिळत नव्हता. ती दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओ या संस्थेच्या विश्वस्त मंडळाने उलट्या बाजूने पाऊल टाकलं: पेन्शनचे पैसे काढायला नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांऐवजी 36 महिने थांबायचं. हातात पगार नसलेल्याला हा काळ फार जड जाणार. पण सेवा तुटू नये हा त्यामागचा हेतू मला पटतो.