पूर्वमधुमेह आणि रक्त गोठण्याचा धोका

पूर्वमधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत न पोचलेली अवस्था. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के असल्यास अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ती धरते; जागतिक आरोग्य संघटनेची उपाशीपोटीची खालची मर्यादा ११० आहे. 'शुगर बॉर्डरवर आहे' म्हणत लोक हा रिपोर्ट फाइलला लावून टाकतात. रक्तवाहिन्यांतले बदल तोवर सुरू झालेले असतात.

बोट कापले की प्लेटलेट्स या रक्तातल्या सूक्ष्म पेशी जखमेला चिकटतात, फायब्रिनचे धागे त्यांवर जाळे विणतात आणि रक्त थांबते. काम झाले की प्लाझ्मिन नावाचे विकर (एन्झाइम) ते जाळे विरघळवते. पूर्वमधुमेहात प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि ज्यापासून फायब्रिन बनते ते फायब्रिनोजेनही वाढलेले आढळते. पण खरी अडचण विरघळवण्याच्या टप्प्यावर आहे. पोटाच्या आतली चरबी आणि यकृत पीएआय-१ हे प्रथिन जास्त प्रमाणात सोडतात. ते प्लाझ्मिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे गुठळी रेंगाळते. पहाटे पीएआय-१ एरवीही सर्वांत जास्त असते. नेहमीच्या पीटी-आयएनआर तपासणीत यातले काही दिसत नाही, कारण ती रक्त गोठायला लागणारा वेळ मोजते, गुठळी विरघळायला लागणारा नव्हे.

म्हणूनच जीवनशैलीतल्या बदलांत वजन, त्यातही कमरेचा घेर, आधी येतो. २००२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ३,२३४ जण होते. त्यातल्या जीवनशैली बदलणाऱ्या गटाला वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट. नुसत्या दिखाऊ गोळ्या (प्लासिबो) घेणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. फायब्रिनोजेनही उतरले, पण थोडेसेच. फिनलंडमधल्या अशाच अभ्यासात पीएआय-१ कमी झाले. वजन परत चढले की हा फायदाही ओसरतो.

व्यायामाची एक गंमत आहे. सवय नसताना एकदम दमछाक करून घेतली, तर प्लेटलेट्स काही काळ उलट जास्त सक्रिय होतात. नियमित मध्यम व्यायामाने त्या शांत राहतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलतात, म्हणून सलग तासन्‌तास बसणे टाळावे. धूम्रपान सोडल्यावरही फायब्रिनोजेन खाली येते.

अशा गुठळ्यांमुळे होणारे हृदयविकार आणि पक्षाघात या बदलांनी प्रत्यक्ष टळतात का, याचे उत्तर मात्र एकसारखे आलेले नाही. चीनमधल्या दाचिंग अभ्यासात ३० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ते कमी आढळले. अमेरिकेतल्या वरच्या अभ्यासात सुमारे २१ वर्षांनंतरही तसा फरक दिसला नाही. तिथे पुढे सर्वच गटांना जीवनशैलीचे मार्गदर्शन मिळाले होते आणि कोलेस्टेरॉल व रक्तदाबाची औषधेही बरेच जण घेत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. आकडे सुधारले म्हणजे धोका तेवढाच घटला, असे धरणे घाईचे ठरेल.

रक्त पातळ राहावे म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन घेणे हा या बदलांना पर्याय नाही. मधुमेह असलेल्यांवरच्या २०१८ च्या असेंड चाचणीत ॲस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना १२ टक्क्यांनी घटल्या, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. केवळ पूर्वमधुमेह आहे म्हणून ते सरसकट दिले जात नाही.