छातीत सुई खुपसली की फुप्फुस फुगतं?

‘अपघातात छातीला मार लागून श्वास कोंडला तर जाड सुई किंवा पेनाची नळी छातीत खुपसा, हवा निघून फुप्फुस लगेच फुगतं’ हा मेसेज जुनाच. यात थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो.

फुप्फुसाला भोक पडलं की फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साठते. प्रत्येक श्वासागणिक ती वाढतच गेली, तर हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर सुई घालतात. पण ती साधारण ८ सेंटिमीटर लांब असते. इंजेक्शनची नेहमीची सुई पट्टीने मोजून बघा, जेमतेम ४ भरेल. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या जातात, त्यामुळे सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालावी लागते. एवढं करूनही फक्त दाब उतरतो. फुप्फुस फुगायला पुढे नळी टाकतात.

आणि श्वास तर नुसती बरगडी मोडली तरी कोंडतो! तिथे सुई घातली तर धड फुप्फुसालाच भोक पडायचं. महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन करा. छातीत काही रुतलं असेल तर उपसू नका.