मतदार यादीत नाव घालायला खर्च किती? शून्य. मग पैसे जातात कुठे?

गेल्या पावसाळ्यात एका बाईंचा सहा नंबरचा फॉर्म भरून दिला. पिशवीतून त्यांनी आधी एक प्रतिज्ञापत्र काढलं. ‘मी वरील पत्त्यावर राहते’, खाली नोटरीचा लाल शिक्का. त्याचे साडेतीनशे रुपये मोजलेले, म्हणजे खुरपणीची एका दिवसाची हजेरी. तो कागद फॉर्मला लागतच नव्हता.

इंग्रजांच्या काळात शेतसारा, कर, शिक्षण असं काहीबाही बघून मत मिळायचं. घटनेच्या 326 व्या कलमाने ते मोडीत काढलं. आता भारताचं नागरिकत्व, 18 वर्षं पूर्ण आणि त्या मतदारसंघातलं नेहमीचं राहणं, एवढं पुरतं. वय मोजायच्या तारखा वर्षात चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या पोराचा अर्ज आगाऊ देता येतो.

नव्या नावाला फॉर्म 6. पत्ता बदलला, नाव चुकलं किंवा मतदार कार्ड हरवलं तर फॉर्म 8. गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथच्या कर्मचाऱ्याकडे द्या, नाहीतर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर स्वतः भरा. अर्जाला फी नाही. दुकानात भरून घेतलात तर तो मेहनताना दुकानदाराचा, सरकारचा नव्हे.

सोबत एक फोटो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, लायसन्स किंवा पासपोर्ट यांतलं एक. पत्त्यासाठी आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, जमिनीचा महसुली कागद किंवा नोंदणीकृत भाडेकरार. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावावर बिल कुठून येणार? नवऱ्याच्या नावाचं चालतं. यातलं काहीच नसेल तर बीएलओने घरी येऊन चौकशी करायची असते. पालावर किंवा उघड्यावर राहणाऱ्यांना तर पत्त्याचा कागद मागायचाच नाही. सांगितलेल्या जागी माणूस खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं, असा आयोगाचा नियम आहे. टाळाटाळ झाली तर 1950 वर फोन करा. अर्ज नामंजूर झाला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

खरी गुंतागुंत बाहेरगावी कमवायला गेलेल्यांची. पाटण-जावळीचे माथाडी नवी मुंबईत, विटा-आटपाडीचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले थेट तमिळनाडू-केरळात, जतचे ऊसतोडवाले हंगामभर फडावर. नाव कुठे ठेवायचं? कायदा म्हणतो, तात्पुरतं बाहेर गेल्याने गावचं राहणं मोडत नाही. उलट गावात नुसतं घर आहे म्हणून राहणंही सिद्ध होत नाही. तोडवाला हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत येतो, त्याचं नाव गावातच राहू द्या. वीस वर्षं कोइमतूरला संसार थाटलेल्याने फॉर्म 8 भरून तिकडे न्यावं, हे माझं मत. नाहीतर दर मतदानाला गाडीभाडं आलंच. दोन्हीकडे नाव मात्र ठेवू नका. एकीकडे नाव असताना नाही म्हणून अर्जात खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मग हजेरी. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135 ब सांगतं की लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची. रोजंदारीवाल्याला एरवी सुट्टीचा पगार नसला, तरी त्या दिवसाचा रोज द्यायचा. नाव गावात आणि काम दुसऱ्या मतदारसंघात असलं तरी हा हक्क आहे. न दिल्यास मालकाला दंड 500 रुपयांपर्यंत. आता एवढ्याशा दंडाला कोण भितो, हा प्रश्न आहेच. तरी मुकादमाला आधी सांगून ठेवा, हजेरीच्या वहीचा फोटो घ्या आणि पैसे कापले तर निवडणूक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. जिथे माणूस हलला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल, अशा कामाला हे कलम लागू नाही.

प्रवासाचं भाडं मात्र कुणी परत देत नाही. ‘साहेबांनी गाडी पाठवलीय’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण उमेदवाराने मतदारांना केंद्रावर फुकट ने-आण करणं त्याच कायद्याच्या कलम 123(5) प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरतं. आपल्या पैशाने एसटीने या. मतदान केंद्र घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावं, असा आयोगाचा दंडक आहे.

ज्यांना तेवढंही जमत नाही, त्या 85 वर्षांवरच्या आजी-आजोबांनी आणि 40 टक्क्यांपासून पुढे अपंगत्व असलेल्यांनी फॉर्म 12 ड भरावा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. मग पथक मतपत्रिका घेऊन घरी येतं. रिक्षाही नको आणि पोराची खाडा झालेली हजेरीही नको.

केंद्रावर मतदार कार्ड नाही म्हणून परत फिरू नका. यादीत नाव असलं की आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोचं पासबुक, पॅन किंवा लायसन्स चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. त्या बाई नोटरीचा कागद अजून प्लास्टिकमध्ये जपून ठेवतात. म्हटलं, ठेवा, पण मतदानाला जाताना जॉबकार्ड घ्या.